बंदूक गेली, दुर्बीण राहिली

आमच्या घरची बंदूक मी कधी पाहिलीच नाही. मी लग्न होऊन सौंसरला आले त्याच्या आधीच मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, लायसन परत केलं होतं आणि बंदूक नागपूरच्या एका दुकानदाराला देऊन टाकली होती. रानडुकरांसाठी घेतलेली ती बंदूक. तिनं एकही डुक्कर पाडलं नाही, असं माझ्या सासूबाई सांगतात. मामाजी सांगतात की डुकरं नुसता आवाज ऐकूनच मोहगावकडे पळून जायची. खरं काय ते डुकरांना माहीत.

बंदूक गेली, पण तिच्यावर बसवायची दुर्बीण मामाजींनी काही दिली नाही. दुकानदारानं विचारलं तेव्हा हरवली म्हणून सांगितलं आणि घरी येऊन लोखंडी कपाटात, मफलरमध्ये गुंडाळून ठेवली. ती तिथंच राहिली असती. पण मामाजींचे गुडघे गेले.

आमचं घर गावाच्या कडेला आहे. मागचं दार उघडलं की आमची संत्र्याची बाग, बागेच्या शेवटी धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, आणि धुऱ्यापलीकडे शेजाऱ्यांची बाग. त्यांचं घर त्या बागेच्याही पलीकडे. गुडघे गेल्यापासून मामाजींचं बागेत जाणं बंद झालं. सकाळी एकदा कसेबसे जिना चढायचे आणि दिवसभर गच्चीवरच बसायचे, कारण उतरणं चढण्यापेक्षा जड जायचं. तिथून त्यांना आपली बाग दिसायची, पण नुसती हिरवी. झाडाखाली कोण आहे, माणूस की बकरी, ते कळायचं नाही.

एका रविवारी त्यांनी मफलरचं गाठोडं माझ्यापुढे ठेवलं.

"सूनबाई, शाळेत ते बारीक किडे पाह्यची दुर्बीन तूच साफ करते ना?"

"सूक्ष्मदर्शक, मामाजी."

"तेच ते. हे त्याची बहीण हाय. पाय जरा."

मी विज्ञानाची शिक्षिका. पावसाळ्यात शाळेतल्या सूक्ष्मदर्शकांच्या काचांवर बुरशी चढते, ती मी पुसते. माझं ज्ञान तेवढंच. दुर्बीण डोळ्याला लावली तर ताकात डोळा घातल्यासारखं वाटलं. पांढरं, पांढरं, आणि मधे एक काळी रेघ.

"तासाभराचं काम आहे," मी म्हटलं. हे वाक्य मी अजून विसरलेले नाही, कारण मामाजी ते विसरू देत नाहीत.

पहिलं कडंच हलेना. मोबाइलवर शोधलं तर एक परदेशी म्हातारा सापडला, पांढरे हातमोजे घालून अशाच दुर्बिणी उघडून दाखवणारा. मामाजी माझ्या खांद्यावरून पाहत होते.

"हा हातमोजे घालून काऊन बोलून रायला? थंडी पडली का तिकडं?"

"काचेला बोटाचा डाग लागू नये म्हणून."

"मग आपण हात धुऊन घेऊ. हातमोजे कायले?"

म्हाताऱ्याकडे दोन टोकांचा खास पाना होता. माझ्याकडे मुलाच्या जुन्या कंपासपेटीतलं कर्कटक होतं. त्याची टोकं पाट्याच्या दगडावर घासून चपटी केली. कड्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, शिलाई मशीनचं तेल सोडलं, दुर्बीण दुपारभर उन्हात ठेवली. मग मी एका बाजूनं धरलं, मामाजींनी दुसऱ्या बाजूनं, आणि दोघांनी दात खाऊन पिळलं. कट् असा आवाज झाला. मला वाटलं तुटलं. कडं सुटलं होतं.

आतून काचा निघत गेल्या. मी एकेक काढून ताटात क्रमानं मांडली. कुठली बाजू वर, कुठली खाली, तेही लक्षात ठेवलं. तेवढ्यात गॅसवरचं दूध आठवलं म्हणून आत गेले. परत आले तर मामाजींनी सगळ्या काचा धोतराच्या सोग्यानं चकचकीत पुसून, लहानापासून मोठीपर्यंत ओळीनं लावून ठेवल्या होत्या.

"बरोबर लावल्या ना?" त्यांनी विचारलं.

त्या दिवसानंतर कितीतरी रविवार आमचा तोच उद्योग झाला. कोणती काच कुणाच्या मागे, हे शोधायचं. एका हातात पुढची काच, दुसऱ्या हातात डोळ्याकडची, असं धरून पाहिलं तेव्हा बाग दिसली, पण उलटी. झाडं आभाळातून लोंबत होती आणि आमचा गडी खालच्या बाजूला डोकं करून वखर चालवत होता. मामाजी एवढे खूश झाले की मधलं नळकांडं बसवूच नको म्हणाले. "असंच राहू दे. सारं सौंसर डोक्यावर चालून रायलं!" ते मधलं नळकांडंच चित्र सुलटं करतं, हे मला तेव्हा कळलं. पुस्तकातून मी ते दरवर्षी शिकवत होते.

चुका खूप झाल्या. मामाजींनी प्रेमानं आपल्याच वावरातला कापूस काचा पुसायला आणून दिला, त्यात सरकीची टरफलं होती, आणि एका काचेवर जन्मभराची रेघ उमटली. मेडिकलमधून आणलेल्या स्पिरिटमध्ये मी एक जोडकाच बुडवून ठेवली, तर दोन काचांमधला डिंक कडेनं सुटायला लागला. शेवटी सुटे भाग मिळतील म्हणून मी माहेरी, पांढुर्ण्याला गेले. भंगारवाल्याकडे मेलेली एक दुर्बीण मिळाली. बारीक स्क्रूसाठी चष्म्याच्या दुकानात गेले.

"किसका चश्मा है, मॅडम?" दुकानदारानं विचारलं.

"बंदुकीचा."

त्यानं आपला चष्मा नाकावर खाली घेतला. "क्यों, बंदूक को भी कम दिखने लगा क्या?"

स्क्रू मात्र त्यानं निवडून दिले. आणि त्याच्या दुकानात उभ्या असलेल्या कुणीतरी ही बातमी माझ्याआधी सौंसरला पोचवली. सोमवारी शाळेत गेले तर माझा सगळ्यात दंगेखोर वर्ग चिडीचूप बसलेला. मधल्या सुट्टीत एका सहकारी बाईंनी सांगितलं, पोरं म्हणत आहेत की विज्ञानाच्या बाई घरी बंदुका बनवून राहिल्या. मी आजवर ते खोडून काढलेलं नाही.

काचा बसल्या, चित्र सुलटं झालं, तेव्हा माझ्याकडून मधली फुली तुटली. दुर्बिणीतून पाहताना मधोमध जी उभी-आडवी रेघ दिसते ती. ती छापलेली असेल असं समजून मी ब्रश फिरवला, आणि ती तर खरीखुरी तंतूची निघाली. ब्रशबरोबर आली बाहेर.

"फुली नसली तरी चालते," मी म्हटलं. "आपल्याला कुठं नेम धरायचा आहे?"

"फुली नाही तर थे दुर्बीन कायची? पाइप हाय तो," मामाजी म्हणाले.

माझा केस लावून पाहिला. आत तो दोरखंडासारखा दिसला. मामाजींनी स्वतःच्या डोक्यावर हात फिरवला आणि तो विचार सोडून दिला. सासूबाईंना आम्ही घरात आत्याबाई म्हणतो. त्यांच्या फणीतला एक पांढरा केस मी हळूच उचलला. तो जरा बरा, पण तरी जाडच. तेव्हा हातमोजेवाल्या म्हाताऱ्यानं सांगितलं की जुने कारागीर कोळ्याचा तंतू लावायचे.

दिवाळी तोंडावर आली होती. आत्याबाई बांबूला झाडू बांधून घरभर जाळी काढत फिरत होत्या, आणि त्यांच्या मागे मामाजी जिन्याच्या पायरीवरून ओरडत होते, "थे कोपरा राहू दे! त्या कोपऱ्यात हात लावू नको!"

"काऊन? जाळ्याची पूजा करता का आता?"

"सूनबाईले पाह्यजे."

आत्याबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. दिवाळीत जाळं राखून ठेवणारी सून त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी तो कोपरा दोनदा झाडला.

शेवटी संत्र्याच्या झाडावरचा एक कोळी मी काडीवर घेतला. काडीला टिचकी मारली की तो तंतू सोडत खाली लोंबायचा, आणि तो तंतू मी अंबाड्याच्या आकड्यावर गुंडाळून घ्यायची. कोळी थकला, मी थकले, मामाजी मात्र टिचक्या मारायला तयार. मग भिंग लावून, श्वास धरून, नेलपॉलिशच्या थेंबानं दोन तंतू कड्यावर चिकटवले. फुली जराशी तिरपी झाली.

मामाजींनी ती पाहिली. "मी मान तिरपी करून पाहीन," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या कामाची केलेली ही सर्वांत मोठी स्तुती.

पहिल्यांदा दुर्बीण पुरती जोडून गच्चीवर नेली त्या दुपारी मी हट्टानं आधी पाहायचं ठरवलं. मेहनत माझी होती. मामाजी खुर्चीत, मी कठड्यावर कोपर टेकून. बाग सरकन जवळ आली. संत्र्याची पानं वेगवेगळी दिसली, एका फळावर बसलेली माशी दिसली. मी दुर्बीण हळूहळू धुऱ्याकडे नेली आणि फुली थेट आत्याबाईंच्या पदरावर जाऊन थांबली.

इथे धुऱ्याचं थोडं सांगायला हवं. तो धुरा शेजाऱ्यांनी आमच्याकडे सरकवला, असं आमच्या घरचं म्हणणं. आम्ही त्यांच्याकडे सरकवला, असं त्यांच्या घरचं. मोजणी झाली, पंच झाले, तहसील कचेरीच्या चकरा झाल्या. माझ्या लग्नाच्या आधीपासून मामाजी आणि शेजारचे काका एकमेकांशी बोलत नाहीत. आमच्या घरात त्यांचं नाव न घेता 'धुऱ्यावाला' म्हणतात. लग्नकार्याचं आवतन नाही, दिवाळीचा फराळ नाही.

आणि दुर्बिणीत, त्याच धुऱ्यावर, आत्याबाई आणि धुऱ्यावाल्याची बायको पाय पसरून बसल्या होत्या. एकीचे पाय आमच्या वावरात, दुसरीचे त्यांच्या वावरात, मधे स्टीलचा डबा. शेजारच्या काकू काहीतरी सांगत होत्या, आणि आत्याबाई एवढ्या हसत होत्या की पदरानं डोळे पुसत होत्या. घरात त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. "बागेत संत्री पाहून येते," म्हणून त्या रोज दुपारी जायच्या. संत्री नसण्याच्या दिवसांतही जायच्या, हे मला तेव्हा सुचलं.

"काय दिसून रायलं?" मामाजींनी हात पुढे केला.

मी घाबरले. दुर्बीण देता देता अंगठ्यानं डोळ्याकडचं कडं फिरवून ठेवलं. "धुकं धरलं वाटतं पुन्हा, मामाजी. उघडावं लागेल."

मामाजींनी दुर्बीण घेतली, माझ्याकडे एकदा पाहिलं, कडं शांतपणे उलटं फिरवून जागेवर आणलं आणि डोळ्याला लावली. इतके रविवार माझ्या शेजारी बसून तेही शिकले होते, हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं.

ते दुर्बीण धुऱ्यावर धरून बसले. मी मनातल्या मनात आत्याबाईंच्या बाजूनं भांडण मांडायला घेतलं.

"झाकण मधात येऊन रायलं," मामाजी म्हणाले. "डब्यात काय हाय थे दिसतच नाही."

"मामाजी, तुम्हाला माहीत आहे?"

"काय माहीत आहे? या दोघी तुह्या लग्नाच्या आधीपासून इथं बसून रायल्या. मले गुडघे होते तवा मी झाडामागं उभा राहून पाह्यलं हाय."

"मग कधी बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तिचं जाणं बंद झालं असतं. मग धुऱ्यावाल्याची खबर मले कोन आणून देनार होतं?" त्यांनी दुर्बीण जरा खाली आणली. "मले फक्त डबा पाह्यचा होता. रोज भरून नेते, रिकामा आणते. मले साखरेची बिमारी म्हणून दुधी भोपळा. अन् तिकडं काय जाते थे तरी पाह्यलं पाह्यजे का नाही?"

म्हणजे एवढी खटपट, कोळी, कर्कटक, पांढुर्णा, सगळं त्या डब्यासाठी होतं. मला राग यायला हवा होता. मी दुर्बीण त्यांच्याकडून घेतली आणि स्वतः डब्यावर फुली धरून बसले. काकूंनी हात घातला, काहीतरी काढलं, अर्धं मोडलं.

"सांजोरी," मी सांगितलं.

"गुळाची?"

"गुळाचीच दिसते. तळलेली आहे."

मामाजींनी डोळे मिटून घेतले. बंदूक देऊन टाकतानाही ते एवढे दुखावले नसतील.

संध्याकाळी आत्याबाईंनी त्यांच्या ताटात दुधीची भाजी वाढली. मामाजींनी एक घास खाल्ला आणि सहज विचारावं तसं म्हणाले, "आजच्या सांजोरीत वेलची टाकली होती का वं?"

आत्याबाईंचा हात पळीसकट थांबला. त्यांनी मामाजींकडे पाहिलं, मग छताकडे, म्हणजे वरच्या गच्चीकडे, आणि शेवटी माझ्याकडे. मी पोळीत तोंड घातलं. माझे यजमान, ज्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, ते म्हणाले, "सांजोरी केली का? मला नाही दिली." आत्याबाईंनी त्यांच्याही ताटात दुधी वाढली.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण गच्चीवरून नाहीशी झाली. मामाजींनी सगळं घर शोधलं. आत्याबाई निवांत गहू निवडत होत्या. शाळेतून आल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, तांदळाच्या कोठीतून आमची दुर्बीण काढली, आणि तिच्या शेजारून दुसरी. काळी, जाडजूड, काचा पांढऱ्याफटक.

"ही कुणाची?"

"तिच्या नवऱ्याची. गच्चीवर बसून तो तुह्या सासऱ्याकडं पाहून रायला, म्हणते. याच्या हातात काय हाय म्हणून दिवसभर तिचं डोकं खाते. त्याच्याही पेटीत अशीच पडून होती." आत्याबाईंनी ती माझ्या ओटीत टाकली आणि आमची पुन्हा तांदळात खुपसली. "तेवढी करून दे, मग मी यांची देतो. अन् यांना सांग, सांजोरी पाह्यजे असन तर तोंडानं मागावं. दुर्बिनीनं नाही."

मामाजी आधी भडकले. दुश्मनाची दुर्बीण, आणि आपल्या घरात दुरुस्त व्हायची? मग त्यांना आपली परत हवी होती, म्हणून नरमले. मग एक अट घातली.

"कर. पन माह्यापेक्षा साफ दिसाले नको."

आता अडचण अशी, की धुऱ्यावाल्याची दुर्बीण फार चांगली होती. काचा जाड, रंग स्वच्छ, एकही ओरखडा नाही. तोवर माझा हातही बसला होता. काम झाल्यावर मी गच्चीवर जाऊन आधी आमच्यातून पाहिलं, मग त्यांच्यातून, आणि माझ्या मनात आलं की आमची आता मफलरमध्येच बरी. मामाजी खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते.

"कोनती साफ?"

"तुमची," मी म्हटलं.

त्यांनी स्वतः पाहायला मागितली नाही. मला वाटतं, त्यांनी मुद्दामच मागितली नाही.

त्यानंतर रोज सकाळी एक गंमत सुरू झाली. आमच्या गच्चीवर मामाजी, पलीकडच्या गच्चीवर काका, आणि मधे दोन बागा. दोघांच्या डोळ्याला दुर्बीण, आणि दोघं एकमेकांकडे पाहत बसलेले. "आज बंडी फाटकी घातली त्यानं." "चहा पिऊन रायला, बशीत." "पाय, पाय, माह्याकडंच पाहून रायला बेशरम." बोलणं अजूनही बंदच. आत्याबाई आणि काकू दुपारी धुऱ्यावर बसून सकाळच्या बातम्यांची अदलाबदल करायच्या.

मग काकूंकडून तक्रार आली. दुर्बिणीतून पिवळट धुरकट दिसते, मास्तरीणबाईंनी नीट केली नाही. मला ते फार लागलं. मी ती पुन्हा उघडली, पुन्हा पुसली. आत एक कणसुद्धा नव्हता. परत पाठवली, परत तक्रार आली. मामाजी आनंदानं मांडी थोपटत होते. "मी म्हटलं होतं ना, माह्यीच साफ!"

आणि एक दिवस पलीकडच्या गच्चीवर काका आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही खुर्ची रिकामी. मामाजी दुर्बीण घेऊन बसले, उठले, पुन्हा बसले. आत्याबाईही त्या दिवसांत आपल्या माहेरी गेल्या होत्या, त्यामुळे खबरही नव्हती. शेवटी माझ्यावर खेकसले.

"जाऊन पाय ना, जिता हाय का मेला!"

"मी? त्यांच्या घरी?"

"मग मी जाऊ का? या गुडघ्यांनी?"

मी गेले. बागेतून, धुरा ओलांडून, लग्नानंतर पहिल्यांदाच. काकूंनी दारातच मला जवळ घेतलं. काका नागपूरला होते. मी दुरुस्त केलेली दुर्बीण खराबच आहे हे सिद्ध करायला त्यांनी मुलाला ती लावून पाहायला दिली होती. मुलाला धुऱ्यावरचा दगड न् दगड साफ दिसला. तेव्हा डॉक्टरकडे नेलं, आणि मोतीबिंदू निघाला.

मी येऊन सांगितलं. मामाजींनी खुर्चीला पाठ टेकली. "म्हणजे इतके दिवस मी त्याले दिसतच नव्हतो," ते म्हणाले. जरा वेळानं, "मी हात दाखवून रायलो होतो एकदा. त्यानं पाह्यलं नसन." कधी आणि कशाला हात दाखवला, ते मी विचारलं नाही.

काका ऑपरेशन करून, काळा चष्मा लावून परत आले. डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलेलं सगळं बाजूला ठेवून त्यांनी दुर्बीण ऑपरेशन झालेल्या डोळ्याला लावली. दुपारी काकूंनी धुऱ्यावर, माहेरून परतलेल्या आत्याबाईंना निरोप दिला, आत्याबाईंनी मला, आणि मी गच्चीवर जाऊन मामाजींना सांगितला: आता साफ दिसते, आणि तुमच्या गच्चीच्या कठड्याला बाहेरून भेग पडली आहे, त्यावर टेकू नका.

"माह्या कठड्यात खोट काढते!" मामाजी लालबुंद झाले. "सूनबाई, खाली जाऊन पाय. काही नसन तिथं."

मी खाली उतरले, बागेत उभं राहून वर पाहिलं. भेग होती, चांगली बोट जाईल एवढी, आणि बरोबर त्याच जागी जिथे मी कोपर टेकायची. वर जाऊन तसं सांगितलं. मामाजींनी खुर्ची कठड्यापासून हातभर मागे ओढून घेतली.

दोन दिवसांनी गवंडी आला. त्याच्या घमेल्याचा आवाज सुरू झाला तेव्हा मामाजी त्याला समजावून सांगत होते, "अरे, कोनाचं लक्ष नव्हतं. मलेच दिसली भेग. दुर्बीन हाय ना आपल्याजवळ."

गवंड्यानं मान हलवली आणि विचारलं, "गच्चीवर बसून बाहेरची भिंत कशी दिसली, बाप्पा?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा ठेवायला खाली निघून आले.